दारोगा आणि नायगावचे बालाजी

“काढ म्हणते ना मी त्याला!”

“नाही काढत.”

“अगं, मीच घालायला लावला आणि मीच काढ म्हणून राहिले!”

“तेच तर, आजी. घातला होता तुमच्यासाठी. आता ठेवणार ते माझ्यासाठी.”

लातुरात, डाळीच्या गोदामावरच्या खोलीत, भर दुपारी आमचं हे चाललेलं. खाली हमालांनी पोती उतरवायचं थांबवून वर कान लावले होते. आफरीन खुर्चीत, मी उभी. भांडताना मी बसत नाही. बसलं की गुडघे आधी माघार घेतात.

आता काय झालं होतं, कुणाला काढायचं होतं, आणि माझ्यासारखी बाई स्वतःच लावलेलं झाड स्वतःच उपटायला नांदेडहून एसटीनं लातूरला का आली होती, हे सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल. सांगते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. नांदेडात ती आता तऱ्हेतऱ्हेनं सांगतात, आणि एका तऱ्हेत तर मी स्टेजवरून खाली पडते. पडले नव्हते! चहा घ्या, निवून राहिला.

तर हा ‘तो’ म्हणजे माणूस नव्हे. डेटाबेस आहे.

थांबा, उठू नका. सोपं आहे. वेबसाइट म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग, दिवे, काच, पाटी. डेटाबेस म्हणजे मागची कोठी. सगळा माल तिथं. कोठी नीट नसली तर दर्शनी भाग कितीही चमकवा, गिऱ्हाइकाला तूर म्हणून हरभरा जाणार.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी मॅट्रिक, तीही काठावर. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात होते. ते गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून भाच्यानं अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर मी पुसून घेतला आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले. क्लास नाही, सर नाही, सर्टिफिकेट नाही. चुका करत शिकले, त्यामुळं चुका मला तोंडपाठ. पोरं परीक्षेसाठी शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. माझी परीक्षाच कुणी घेतली नाही, मग विसरणार कशी?

तिथं मला तो भेटला. त्याचं खरं नाव सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. आणि सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. तेच तर दुखणं! फुकट आहे, मालक कुणी नाही, आतलं सगळं उघडं. वाटेल त्यानं वाचावं, दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं, विरजणासारखं. देशोदेशीची माणसं मिळून तो सांभाळतात. मी एकदा त्यांना त्याच्यातली एक चूक कळवली. उत्तर आलं, ‘डिअर सर’. मी उलट लिहिलं, सर नाही, आजी. तेव्हापासून ती माणसं मला ‘डिअर आजी’ लिहितात. आमच्या गल्लीत कुणी इतक्या अदबीनं बोलत नाही.

मी त्याचं नाव ठेवलं दारोगा. कारण तो दारात उभा असतो आणि चुकीचं काही आत सोडत नाही. तीस फेब्रुवारी अशी तारीख देऊन बघा. तो तोंडावर सांगतो, असा दिवस नसतो. सगळे वापरतात तो जो दुसरा आहे ना, त्याच्या जुन्या अवतारात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तीस फेब्रुवारी घ्यायचा, तिच्या जागी नुसती शून्यं मांडायचा आणि गप बसायचा! पाहुण्याला घरात घ्यायचं आणि आत गेल्यावर त्याचं नावच पुसायचं, ही कुठली रीत?

मला असला तोंडावर बोलणारा आवडतो. का आवडतो ते घरच्यांना विचारा.

मग मी प्रचाराला निघाले. नांदेडच्या कॉलेजांत गेले, लातूरला वेबसाइटी करणाऱ्या पोरांच्या ऑफिसांत गेले. पिशवीत मी स्वतः मराठीत लिहिलेली माहिती आणि चिवड्याचा डबा. पोरं चिवडा खायची, माहिती ठेवून द्यायची.

“का रे बाबा, तो दुसराच का वापरता?”

“सगळे वापरतात, आजी.”

“लातूरकरानं तरी हे बोलू नये! सगळ्यांनी बोअर मारले म्हणून पाणी लागलं का?”

हसायची. हसली की पुन्हा चिवडा. पुढं पुढं मी जिन्यात दिसले की पोरं कानात ती गाणी ऐकायची बोंडं खुपसायला लागली. एका ऑफिसात तर मला पाहून दिवाच मालवला. मी अंधारात बसून माहिती सांगितली. सोडते काय!

कानातली बोंडं काढून ऐकणारी एकटी आफरीन.

तिचे अब्बा लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ शेरवान्या शिवतात. हात असा की नवरदेव कसाही असो, खांदे सरळ दिसले पाहिजेत. पोरगी त्यांच्यावर गेलेली. एका कंपनीत नोकरी होती, तिथं रोज दुसऱ्याचं उसवलेलं शिवायला लावायचे म्हणून सोडली आणि ह्या गोदामावर खोली घेऊन स्वतःच्या नावाची पाटी लावली. नातेवाइकांत कुजबुज. पोरीच्या जातीनं नोकरी सोडून पाटी लावायची म्हणजे काय! अब्बा एवढंच म्हणाले, “पाटी सरळ लाव, वाकडी झालीया.”

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आजी, तुमचा दारोगा चांगला असेल. पण उद्या मी आजारी पडले तर लातुरात त्याला सांभाळणार कोण? दुसऱ्याला सांभाळणारे गल्लोगल्ली हायत.”

बघा! इतक्या पोरांत हा खरा प्रश्न एकीलाच सुचला. मी म्हणाले, “मी सांभाळीन.”

“आणि तुम्ही आजारी पडलात तर?”

“मी पडत नाही.”

ती हसली नाही. म्हणाली, “बरं. एक काम आणा, करून बघू.”

काम माझ्याकडं होतंच. आमचं नांदेडला नेत्रदानाचं मंडळ आहे. लोकांनी हयात असताना संकल्प करायचा, आणि माणूस गेल्यावर घरच्यांनी कळवायचं. काही तासांतच डोळे घ्यावे लागतात. त्यामुळं कोण कुठला, घरचा फोन कोणता, हे अचूक हवं. कुणाच्या डोळ्यांवर कुणाची तरी पहाट अवलंबून असते, तिथं हलगर्जी चालत नाही. आणि आमच्याकडं काय व्हायचं? दरसाल तेच ते लोक फोटोपुरते यायचे आणि पुन्हा संकल्प करायचे. डोळे दोनच, पण संकल्प दरसाल!

मंडळाचे अध्यक्ष आमचे जुने वकीलसाहेब. त्यांना वेबसाइट पुण्याच्या कंपनीकडून हवी होती. मी म्हणाले, आफरीन करील. ते म्हणाले, नवखी आहे. मी म्हणाले, तुम्हीही एकदा पहिली केस लढला असालच, हरला होतात ना? ते तयार झाले. पण जाताना बोललेच, “बाई, उद्घाटनाला गडबड झाली तर काम पुण्याला. मग मला बोलायचं नाही.”

म्हणजे बघा, आफरीनच्या पाटीखालचं पहिलं काम, आणि ते माझ्या शब्दावर टांगलेलं. हे फसलं असतं तर तिच्या नातेवाइकांना कुजबुजायची गरजच उरली नसती, मोठ्यानंच बोलले असते.

दारोगाला नियम लागतो. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही. तो नियम मी सांगितला.

“नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख. ह्या चारही गोष्टी जुळल्या की माणूस तोच. दुसऱ्यांदा आत घ्यायचा नाही.”

आफरीन म्हणाली, “आजी, आधी थोडी खरी माणसं घालून बघायची का?”

“माणसं काय बघायची? मी काय कालचं पोर हाय? उभी हयात माणसं बघितली!”

तिनं मान डोलावली आणि नियम घातला. नाकारलं तर पडद्यावर काय लिहून यावं, तेही मीच लिहून दिलं. कडक हवं ना! ‘आपली नोंद आधीच झालेली आहे. समाजकार्यात लबाडी नको.’

हे दुसरं वाक्य नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

उद्घाटनाचा दिवस. नांदेडातलं मंगल कार्यालय भरलेलं. स्टेजवर भला मोठा पडदा, म्हणजे आफरीन कॉम्प्युटरवर भरील ते सगळ्या हॉलला दिसणार. ही कल्पना कुणाची? माझीच. हाती माइक. कुणाच्या? माझ्याच.

लातूर-नांदेडचे लोक आलेलेच, पण मोठी फौज आली ती नायगावहून. तिथले निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आपले जुने विद्यार्थी गोळा करून घेऊन आले होते. आता ते विद्यार्थी म्हणजे कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणी कचेरीत. सगळ्यांचे केस पिकलेले, पण गुरुजी बघून राहिलेत म्हटल्यावर रांगेत हात मागं बांधून उभे. असा एकेक शिष्य नेत्रदानाला उभा करायचा म्हणजे चेष्टा नव्हे. मी मनात गुरुजींना हात जोडले. मनातच.

पहिले आले बालाजी कदम, नायगाव. अंगानं भरदार. नोंद झाली, टाळ्या, प्रमाणपत्र, फोटो. दारोगानं अदबीनं आत घेतलं.

मग दुसरे आले. किडकिडीत. आफरीननं नाव भरलं, गाव भरलं, तारीख भरली आणि पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत आलं: ‘आपली नोंद आधीच झालेली आहे. समाजकार्यात लबाडी नको.’

मला तर आनंदच झाला हो! म्हटलं, बघा, पकडला! सगळ्यांसमोर पकडला! ह्याहून चांगला प्रचार कोणता? माइक जवळ घेतला.

“अहो, डोळे दोनच असतात. एकदा दिलेत ना?”

“काकू, म्या आत्ताच आलो की. गाडी लावून.”

“मग हे नायगावचे बालाजी कदम कोण?”

“ते थोरले बालाजी.”

“आणि तुम्ही?”

“म्या बारका बालाजी.”

“भाऊ भाऊ?”

“न्हाई वो. आमचं येणं-जाणं बी न्हाई.”

“एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच सालात दोन बालाजी कदम जन्मले, असं म्हणणं आहे तुमचं?”

मागून एकानं हात वर केला. “काकू, तीन. म्या मधला.”

हॉल हसायला लागला. मला वाटलं, माझ्या बाजूनं हसून राहिले! लबाडी उघडी पडली की लोक हसतातच. आफरीननं हळूच माझा पदर ओढला. “आजी, नियमात काहीतरी गडबड हाय. जरा थांबू या.”

“थांबायचं काय? दारोगा खोटं बोलत नाही!” मी माइकवरच म्हणाले. “ज्यांना ज्यांना त्यानं अडवलं त्यांनी डाव्या बाजूच्या खुर्च्यांवर बसावं. चौकशी होईल.”

आता नायगावचे लोक. गुरुजींच्या धाकानं आज्ञेत वाढलेले. गेले की हो मुकाट्यानं! बारका बालाजी बसला. मधला बालाजी बसला. मग एक गंगाधर पवार आत गेला आणि दोन गंगाधर पवार डावीकडं गेले. मग व्यंकटी. मग मारोती. डावीकडच्या खुर्च्या भरल्या, कार्यालयवाल्याकडून आणखी मागवल्या. उजवी बाजू ओस. बसलेले एकमेकांना तंबाखू देऊन राहिले, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखे खुशीत. म्हणजे संशयितांची पंगतच बसली म्हणा ना!

शहाण्या बाईनं इथं तरी थांबावं की नाही? मी म्हणाले, “नायगावकरांची कमाल आहे. आता प्रमुख पाहुणे संकल्प करून दाखवतील, म्हणजे प्रामाणिक माणसाला दारोगा कसा घेतो तेही कळेल.”

प्रमुख पाहुणे म्हणजे डोळ्यांचे नामांकित डॉक्टर, शंकर जाधव. लातूरला मोठा दवाखाना, पण मूळचे नायगावचे, गुरुजींचेच विद्यार्थी. उठले, कोट सारखा केला, नाव सांगितलं, अभिमानानं गावही नायगावच सांगितलं, तारीख सांगितली. आफरीनचा हात कीबोर्डवर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “भर!”

भरलं.

‘आपली नोंद आधीच झालेली आहे. समाजकार्यात लबाडी नको.’

सांगते तुम्हाला, हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. उजवीकडच्या खुर्च्यांतून एक माणूस उठला आणि हात जोडून म्हणाला, “माफ करा डॉक्टरसाहेब, तुमच्या आधी म्या आलो व्हतो. म्या बी शंकर जाधवच.” आणि डॉक्टर, मोठा माणूस खरा, हसत हसत खाली उतरले आणि डाव्या बाजूला जाऊन बारक्या बालाजीच्या शेजारी बसले. “चौकशी होऊ द्या,” म्हणाले.

वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. पुण्याची गाडी त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसून राहिली होती.

तेवढ्यात गुरुजी उठले. काठी टेकत स्टेजपाशी आले.

“बाई, ह्या सगळ्यांच्या तारखा कोणत्या लिहिल्यात तुमच्या यंत्रात?”

मी पडद्याकडं वळले. तारखांचा रकाना पाहिला. इतका वेळ मी फक्त नावं बघत होते. एक जून. एक जून. एक जून. एक जून. वरून खालपर्यंत एक जून.

आता तुम्ही हसून राहिलात! ज्याच्या घरात पन्नाशीच्या पुढचं माणूस आहे, त्या मराठी माणसाला हे सांगावं लागतं काय? पण मला त्या वेळी नाही सुचलं. कॉम्प्युटरपुढं बसले की मला तीस फेब्रुवारी दिसते. एक जून दिसली नाही.

“ह्या तारखा म्या लिवल्यात,” गुरुजी म्हणाले.

“सगळ्यांच्या एकच?” माझा आवाज अजून चढाच. “गुरुजी, तुमच्या शाळेत दुसऱ्या तारखेला पोरं जन्मायचीच नाहीत काय?”

“आईबापाला ईचारलं की म्हणायचे, ज्वारी हुरड्याला आली तवा झालं. कुणी म्हणायचं, म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिशी. आता हुरड्याची कोणती तारीख लिवू, बाई? शाळा उघडायची जूनात. म्हटलं, देवाघरून कवाबी येऊ द्या, शाळेत तर एकदमच आलेत. लिव एक जून!”

टाळ्या! माझ्या कार्यक्रमात पहिल्या कडकडून टाळ्या, आणि त्या माझ्यावर.

मग गुरुजींनी अगदी साधेपणानं विचारलं, “तुमची कोणती हो तारीख, बाई?”

मी उत्तर दिलं नाही. माइक चालू होता.

उत्तराची कुणाला गरजही नव्हती. गुरुजींनी काठीनं डावीकडची एक रिकामी खुर्ची दाखवली, आणि हॉल पुन्हा फुटला.

आणि इथं मी ते केलं, ज्याच्यासाठी हा सगळा किस्सा. माणूस पडतो ते पडतो, पण पडताना काय धरतो ते बघा. मी माइक घट्ट धरला आणि म्हणाले, “चूक ह्या डेटाबेसची आहे! फालतू आहे हा! म्हणूनच ह्याला कुणी वापरत नाही!”

ज्याच्यासाठी अंधारात बसून प्रचार केला, त्याला भर सभेत फालतू म्हणाले! दारोगा बिचारा काय बोलणार? पडद्यावर माझंच वाक्य लखलखत होतं: लबाडी नको.

आफरीन मात्र भांबावली नाही. सगळा हॉल हसतोय, अध्यक्ष घड्याळ बघतायत, पहिल्या कामाचा पार चिवडा झालाय, आणि ही पोरगी तिच्या अब्बांनी शेरवानीची बाही उलटून बघावी तशी त्या नियमाकडं शांतपणं बघून राहिली. मग तिनं माइक मागितला. माझ्याकडून माइक घेणं सोपं नसतं. मी दिला.

“गुरुजी, वडिलांचं नाव धरलं तर वेगळे होतील का सगळे?”

“न्हाई, बेटा. बापांची नावं बी तशीच, मारोती कदम बी नायगावात दोन हायत.”

“मग वडिलांचं नाव आणि घरचा मोबाईल, दोन्ही धरते. चालेल?”

“चालंल. मोबाईल म्या वाटलेले न्हाईत.”

लोकांच्या हातात चहाचे कप येईपर्यंत तिनं जुना नियम काढला, नवा घातला, माझं ते दुसरं वाक्यही काढलं, आणि हाक मारली, “बालाजीकाका बारके, या!”

दारोगानं बारक्या बालाजीला आत घेतलं. मधल्याला घेतलं. गंगाधर, व्यंकटी, मारोती, सगळी डावी बाजू एकेक करून उठली. आणि भर रांगेत लाइट गेली! नांदेड आहे, जाणारच. कार्यालयाच्या इन्व्हर्टरनं एक उचकी दिली आणि मान टाकली. पडदा काळा. आफरीनचा हात तसाच कीबोर्डवर, आणि चेहरा पांढराफटक. तिचा असा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

लाइट आली. तिनं एकेक नोंद तपासली. झालेली प्रत्येक जागेवर होती. लाइट गेली तेव्हा जी अर्धी भरलेली होती, ती अर्धी कुठंही घुसलेली नव्हती. पूर्ण आत, नाहीतर पूर्ण बाहेर. ती पडद्याकडं बघत काहीतरी पुटपुटली. मला वाटतं, माशाल्ला म्हणाली.

सगळ्यांच्या नोंदी झाल्या. डॉक्टरांची सर्वांत शेवटी, ते आपणहून मागं थांबले. पण मी घरी आले ती तोंड लपवत. वकीलसाहेब जाताना नुसतं “बघू” म्हणाले होते. वकिलाचं ‘बघू’ म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

रात्र कशीबशी काढली आणि सकाळी पहिली एसटी धरली. मनात पक्कं केलं होतं. दारोगा काढायचा, तो दुसरा घालायचा, वकीलसाहेबांना सांगायचं की दोष काढून टाकलाय, आता पुण्याला जाऊ नका. पोरीचं काम वाचेल. हे मी स्वतःला सांगत होते. खरं कारण त्याच्या खाली होतं. भर सभेत मी त्याला फालतू म्हणाले होते. आता तोच ठेवला, तर फालतू कोण ठरतं?

म्हणून ते भांडण. आता तुम्ही पुन्हा गोदामावर या.

“आफरीन, ऐक. तुझं पहिलं काम आहे. काढ त्याला.”

“आजी, माझ्या जुन्या नोकरीत असंच एकदा लाइट गेली होती. तिथं जो होता ना, त्यात अर्धवट नोंदी घुसल्या. कुणाचं नाव, कुणाचा फोन. मी हप्ताभर जेवण सोडून त्या हुडकत बसले होते. काल लाइट गेली तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं, आता अब्बांना काय तोंड दाखवू. आणि ह्यानं एक नोंद इकडची तिकडं केली नाही. मी काढू ह्याला?”

“अगं, पण वकीलसाहेब...”

“सकाळीच फोन आला त्यांचा. काम माझ्याकडंच हाय. डॉक्टरसाहेबांनी त्यांना सांगितलं, की बरं झालं यंत्रानं तोंडावर अडवलं. मुकाट्यानं आत घेतलं असतं, तर नायगावात इतके शंकर जाधव हायत हे कळलंच नसतं, आणि उद्या वेळेला फोन भलत्याच शंकरच्या घरी गेला असता. ते म्हणाले, दवाखान्याचं कामही ह्याच्यातच करा. त्या दारोगाचं काय ते विलायती नाव, तेही विचारून घेतलं त्यांनी.”

इतकी वर्षं चिवडा वाटून जे जमलं नाही, ते माझ्या फजितीनं एका सकाळीत केलं होतं! एक डॉक्टर, एक पोरगी, दोन पक्की गिऱ्हाइकं. आनंद व्हायला हवा होता की नाही? पण अहंकार ही चीज अशी, की जिंकल्यावरसुद्धा कुठं टोचलं ते आधी चाचपते.

“ते सगळं खरं,” मी म्हणाले. “पण मी माइकवरून बोलले ना त्याला! हजार तोंडांनी आता गावभर झालंय. आता तोच ठेवला तर लोक म्हणतील, म्हातारीचीच चूक होती.”

“मग?”

“मग काय मग? माझी चूक होती असं मी आजवर कबूल केलं का कुठं? काढ त्याला! चूक त्याचीच!”

आफरीन उठली. मला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. गुडघ्यांनी माघार घेतली, मी काय करणार. समोर पाण्याचा पेला ठेवला, आणि तिच्या त्या शांत, सरळ शिवणीच्या आवाजात म्हणाली:

“आजी, अख्ख्या नांदेड-लातुरात तुमचा शब्दन् शब्द मुकाट्यानं ऐकणारा तो एकटाच हाय, त्याला तरी घराबाहेर काढू नका.”